ताईचं डोकं

४ फेब्रुवारी
हवा: कोरडी, वारा नाही
तब्येत: डोकं. (कोणी विचारलेलं नाही, पण बाबांचा नियम म्हणून लिहिलं.)

चि. सौ. बेडकीस,
अ. उ. आ.

पत्रास कारण की तू आजारी पडलीस. एकदम अँब्युलन्स, डोक्याचा स्कॅन, सलाईन! पडायचंच तर अशा थाटात पडावं. तुला फोनच्या पडद्याकडे बघायची डॉक्टरांनी बंदी केली आहे, म्हणून तुझी विचारपूस माझ्याकडे होते. आठ दिवसांत दोन्ही मावश्यांचे मिळून सात फोन झाले. मी चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखी उत्तरं देते. हो, शुद्धीवर आहे. हो, उलट्या थांबल्या. नाही, मेंदूत काही सापडलं नाही. हे शेवटचं सांगताना मला हसू आवरत नाही, तेवढं समजून घे.

एकीनंही मला विचारलं नाही की बाई, तुझं डोकं कसं आहे. विचारणार तरी कशाला? माझं चौदाव्या वर्षापासून दुखतंय. अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात आता बातमी ती काय! माझं दुखतं तेव्हा ते नुसतं डोकं असतं. तुझं दुखलं की त्याला मायग्रेन म्हणतात.

आईनं तर कमाल केली. तुझ्या बेकरीवाल्याचा फोन आला तेव्हा ती माझ्याच कपाळासाठी पट्टी भिजवत होती. फोन ठेवला, पट्टी तशीच भांड्यात टाकली आणि पलंगाखालची बॅग ओढली. तासाभरात ती स्टेशनवर होती. नवरा भल्या पहाटे भट्टीवर जातो, तुझ्यापाशी कोणी हवं, हे मला कळतं. मी काही दगड नाही. पण अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे आणि त्या दिवशी ती पट्टी मी स्वतः उठून पिळली, हेही तुला कळलेलं बरं.

बाबा असते तर म्हणाले असते की फोन बातमीसाठी, पत्र मनासाठी. टपालाच्या छाननीत जन्म काढलेला माणूस, त्याच्या घरातून महिन्याला एक तरी पत्र जायलाच हवं. आणि कोपऱ्यात तारीख, हवा, तब्येत लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. तू घर सोडलंस तेव्हापासून एकोणीस वर्षं न चुकता "तब्येत: ठीक" लिहीत आलीस, म्हणून तर या वेळी सगळ्यांना धक्का बसला. माझा कोपरा कोणी वाचत असेल असं मला वाटत नाही.

दुकानात काम ढीगभर आहे. चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनचा आवाज दाढेत कोरल्यासारखा डोक्यात जातो. पण शेजारच्या औषधवाल्याची पांढरी गोळी सकाळी एक आणि दुपारी एक घेतली की दिवस निभतो. आता तो मला विचारतही नाही. मी पायरी चढले की पाकीट काढून ठेवतो.

आईची लोकरीची टोपी इथेच राहिली आहे, तिला सांग. लोभ असावा असं मी लिहीत नाही. तुझ्यावर तो सगळ्यांचाच असतो.

तुझी
ताई

*

११ फेब्रुवारी
हवा: ढगाळ, त्यामुळे बरं वाटतंय
तब्येत: अर्धी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनं वाचून दाखवलं. पट्टीचं वाक्य आलं तेव्हा ती मध्येच थांबली आणि चष्मा पुसत बसली. मी ओळीखाली फूटपट्टी धरून थोडं थोडं लिहिते आहे. अक्षर पाण्यात भिजल्यासारखं दिसेल, पण मला पाण्याच्या जवळ जायचीही अजून परवानगी नाही.

काय झालं ते सांगते. सकाळचा आज्यांचा वर्ग चालू होता. पाण्याला घाबरणाऱ्या सात आज्या, चार महिन्यांत गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहायला शिकल्या आहेत. त्यातल्या एकीच्या टोपीवर पिवळं फूल आहे. एकाएकी मला ते फूल अर्धंच दिसायला लागलं. मग तिचा चेहराही अर्धाच. डाव्या बाजूला करवतीच्या दात्यांसारखा उजेड थरथरत होता. शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढायला गेले तर शिट्टी तोंडातून पडली आणि बोलायला गेले तर शब्दांचा चिखल. ज्यांना मी तरंगायला शिकवते, त्याच बायकांनी मला काठावरून मागे ओढलं. मग उलट्या, आणि मग ते दुखणं. ताई, ते दुखणं तुला सांगायला नको.

बोलणं बिघडलं म्हणून अर्धांगवायूची शंका आली, म्हणून तो स्कॅन. तो चांगला आला. मग एका अंधाऱ्या खोलीत नेऊन सलाईन लावलं, उलटीचं एक आणि दुखण्याचं एक अशी दोन इंजेक्शनं दिली. चाळीस मिनिटांत ओसरलं. मला झोप लागली.

आता एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. त्यांच्याकडे फक्त डोकं दुखणारेच येतात, बाहेरच्या बाकावर सगळे डोळे मिटून बसलेले असतात. रोज रात्री घ्यायची एक गोळी दिली आहे, झटके कमी यावेत म्हणून. आणि झटका आलाच तर लगेच, वाट न बघता घ्यायची एक वेगळी. शिवाय एक वही. किती तारखेला दुखलं, हवा कशी होती, किती वेळ, कोणती गोळी. तीन महिने लिहायचं आहे.

आई दुपारी पडदे ओढून माझ्या कपाळावर हात ठेवून बसते. ताई, तू ये. मी तुझ्यासाठी नंबर लावते. त्या नीट ऐकून घेतात.

तुझी माया असू दे, टोमण्यांसकट.

तुझी
बेडकी

*

१६ फेब्रुवारी
हवा: ऊन, नको तितकं
तब्येत: डोकं

चि. सौ. बेडकीस,
अ. उ. आ.

चाळीस मिनिटं! तुझं पत्र वाचल्यापासून माझ्या मनात दुसरं काही नाही. ग्राहकाच्या नाकावर चष्मा बसवते आणि मनात म्हणते, चाळीस मिनिटं.

माझे उपचार ऐक, म्हणजे तुला तुझ्या नशिबाची कल्पना येईल. चौदाव्या वर्षी म्हणाले, अभ्यास जास्त होतो. अभ्यास कमी केला, तर निकाल घसरला आणि डोकं होतं तिथेच. मग म्हणाले, नंबर असेल. मी चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले आणि सोळा वर्षांत स्वतःचे डोळे किमान पन्नास वेळा तपासले. माझा नंबर इतका क्षुल्लक आहे की तो सांगायची लाज वाटते. मग दाढ निघाली. म्हणजे काढली. दाढ गेली, डोकं राहिलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले की लग्न झालं की थांबेल. लग्न काही झालं नाही. तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले की वय झालं की थांबेल. आता ते स्वतः वयानं थांबले आहेत आणि मी अजून दुखतेच आहे.

आणि तू? एकदा दुखलं तर खोली अंधारी, सलाईन, दोन इंजेक्शनं, वही, नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई, वर आई. मला हेवा वाटतो. आडपडदा कशाला ठेवू? बहिणीच्या दुखण्याचा हेवा करणारी मी जगातली पहिलीच असेन. चारचौघांत सांगायचीही सोय नाही. आई कपाळावर हात ठेवून बसते हे तू कशाला लिहिलंस? ते वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले आणि तिसरी गोळी घेतली.

तुझ्या डॉक्टरीणबाई तुलाच लखलाभ. लहानपणी माझे फ्रॉक आखूड झाले की तुला मिळायचे. तुझं जुनं मी कधी अंगाला लावलं नाही. आता या वयात तुझा वापरलेला डॉक्टर मला नको.

आईला टोपी टपालानं पाठवली आहे. लोभ सध्या टपालानं पाठवण्याइतका शिल्लक नाही.

तुझी
ताई

*

२२ फेब्रुवारी
हवा: बरी
तब्येत: म्हातारी

चि. थोरलीस,
आईचे अ. आ.

टोपी मिळाली. तुझी पत्रंही मिळतात. धाकटीला वाचून दाखवायची म्हणून मीच वाचते, तेव्हा त्यातलं सगळं मला लागतं. लागलं तेही बरं झालं.

त्या दिवशी मी पट्टी भांड्यात टाकून निघाले ते चुकलं. पण एक सांगते. तुझं डोकं दुखताना मला बघवत नाही. इतकी वर्षं पट्टी भिजवली, कारण दुसरं काही येत नव्हतं. तुझ्या आजीनं मला सांगितलं होतं की डोकं बाईचंच दुखतं आणि ते बोलून दाखवायचं नसतं. ते मी खरं मानलं, हा माझा बावळटपणा.

इथे डॉक्टरीणबाईंसमोर मी धाकटीच्या शेजारी बसते आणि प्रश्न विचारते. रोज गोळी घेतली तर काय होतं? अठ्ठावीस वर्षं दुखत असेल तर जाईल का? परवा त्या वहीतून वर बघून म्हणाल्या की या पेशंटच्या कागदावर यातलं काहीच नाही, तुम्ही नक्की कोणाबद्दल विचारताय? मी सांगितलं की घरी अजून एक आहे, मोठी. त्या म्हणाल्या की दुखणं मारायची गोळी महिन्यातले निम्मे दिवस घेतली तर पुढे ती गोळीच डोकं दुखवायला लागते. मी तुझ्या गोळ्या मनात मोजल्या, निम्म्याहून कितीतरी जास्त भरल्या.

तुझा हेवा मला समजतो. कर. पण तो तिथे बसून करू नकोस, गाडीत बसून कर. इथे आल्यावर काय करायचं ते करू.

जेवत जा. चुकले तर माफी असावी, आई असले तरी.

तुझी
आई

*

६ मार्च
हवा: बघितली नाही
तब्येत:

ती. आईस, सा. न., आणि चि. सौ. बेडकीस, अ. उ. आ.

दोघींना मिळून लिहिते, कारण हे दोनदा लिहायची ताकद नाही.

एका रंगाऱ्याचा चष्मा माझ्याकडे आला होता. शिडीवर चढून इमारतींना रंग देतो, साठीचा माणूस, तिरपा नंबर. तिरप्या नंबरची काच ठरावीक कोनातच बसवावी लागते, नाहीतर सरळ भिंत वाकडी दिसते. मी त्याच्या डाव्या डोळ्याचा कोन उजव्या काचेला दिला आणि उजव्याचा डाव्या. त्या सकाळी माझ्या पोटात तीन गोळ्या होत्या आणि मशीनवरचा दिवा मला फुटून दोन झाल्यासारखा दिसत होता. तपासून बघायचं ते मी डोळे मिटूनच तपासलं म्हण ना.

तो नवा चष्मा घालून दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर चढला आणि भिंत त्याच्या अंगावर कलली. शिडीला मिठी मारून, डोळे मिटून, एकेक पायरी पायानं चाचपत तो खाली आला. पडला नाही. दुकानात आला तेव्हा ओरडलासुद्धा नाही. चष्मा काउंटरवर ठेवला आणि म्हणाला की आपल्याला वाटलं, आपलीच वेळ भरली. मग तो स्टुलावर बसला आणि पाणी मागितलं.

सोळा वर्षांत माझी एक काच परत आली नव्हती. मालकांनी मला मशीनवरून उठवून काउंटरवर बसवलं आहे. मी आता चष्म्याची घरं आणि पुसायची फडकी विकते. तब्येत सुधारली तर जूनअखेर बघू म्हणाले, नाहीतर मशीनवर दुसरी बाई घेतील. बेडके, ते मशीन म्हणजे माझ्यासाठी काय आहे ते तुला माहीत आहे. बाकी सगळं तुझ्याकडे आहे, मला एवढंच एक येत होतं.

आणि खरं सांगू? मालक बोलत होते तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? की हीच चूक बेडकीच्या हातून झाली असती, तर तिला आधी बसायला खुर्ची दिली असती. माणूस जिवावरच्या संकटातून वाचला आणि मी तिथेही तुझा हेवा करत उभी होते. मला माझीच शिसारी आली.

तरीही मी येणार नाही. त्या बाई विचारणार, कधीपासून, किती वेळा, पुरावा काय. तुझ्या बाजूनं सात आज्या साक्षीला आहेत. माझ्या बाजूनं कोण आहे? मी आपली सांगणार आणि त्या आपल्या मान डोलावणार, म्हणजे आणखी एक दाढ जायची.

ताई

*

१० मार्च
हवा: सकाळी धुकं
तब्येत: ठीक नाही. यापुढे खरं लिहायचं ठरवलंय.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या पाकिटात एक वही आहे. आधी ती बघ, मग हे वाच.

बघितलीस? तुझी सगळी पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. एकोणीस वर्षांची दोनशे एकवीस. थोडी टपालात हरवली, त्याबद्दल बाबांना माफ करू. डॉक्टरीणबाईंनी वही दिली तेव्हा रकाने बघून मला हसूच आलं. तारीख, हवा, तब्येत! ही वही तर तू एकोणीस वर्षं भरते आहेस. मग मी आणि आई रोज दुपारी बसलो. आई वाचायची, मी लिहायची, माझे डोळे थकले की उलट. एकशे अठ्ठावन्न पत्रांच्या कोपऱ्यात "डोकं" आहे. "डोकं, दोन दिवस." "डोकं, उलटी." "डोकं, पण कामावर गेले." तुझा कोपरा कोणी वाचत नाही असं तू लिहिलंस. वाचला नव्हता हे खरं आहे. आता वाचला.

आणखी एक दिसलं. शेवटच्या तीन वर्षांत "डोकं" नाही असं एकही पत्र नाही. त्याआधी मध्येच दोन-दोन महिने "ठीक" असायचं. काय बदललं म्हणून मी ती पत्रं पूर्ण वाचली. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात तू लिहिलं आहेस की दुकानाशेजारी औषधवाला आला, आता गोळीसाठी चौकापर्यंत जायला नको. त्यानंतर तुझ्या कोपऱ्यात "ठीक" कधीच आलं नाही. मी लाल पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली आहे. डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं तेच आहे हे.

तू हेव्याचं इतकं मोकळेपणानं लिहिलंस, म्हणून आता माझंही ऐक. लहानपणी तुझं डोकं दुखलं की घर गप्प व्हायचं. बाबा रेडिओ बंद करायचे. आई तुझ्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची आणि दोन दोन तास तुझ्या कपाळावर हात ठेवून बसायची. मला शेजारी खेळायला पाठवायचे. मी जायची नाही. दाराच्या फटीतून बघत बसायची. ताई, त्या हातासाठी मी तुझा इतका हेवा केला आहे की तुझा आत्ताचा त्यापुढे काहीच नाही. एकदा मी आईला सांगितलं की माझंही डोकं दुखतंय. ती हसली आणि म्हणाली की उगाच नक्कल करू नकोस, डोकं ताईचं दुखतं, तू आपली उड्या मार. तेव्हा ते खोटंच होतं. पण तीन वर्षांपूर्वी खरंच दुखायला लागलं, तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. डोकं तुझ्या वाटणीचं होतं ना. मी प्रत्येक पत्रात "ठीक" लिहीत राहिले आणि दुखेल तेव्हा पाण्याखाली जाऊन श्वास रोखून बसत राहिले. ते दाबलं म्हणून अँब्युलन्स यावी लागली.

आई माझ्यापाशी दीड महिना आहे. तिला माझ्याकडे यायला माझं डोकंच फुटावं लागलं, हेही तुला कळलेलं बरं.

वीस मार्चचा नंबर लावला आहे, सकाळी दहाचा. वापरलेला डॉक्टर समज हवं तर. तुझे फ्रॉक मी नऊ वर्षं घातले. तू माझी एक वस्तू वापरलीस तर काय बिघडलं?

वाट बघते. रागावलीस तरी गाडीतच रागाव, असं आई म्हणते.

तुझी
बेडकी

*

२४ मार्च
हवा: गरम
तब्येत: डोकं. पण आता त्याला नाव आहे.

चि. सौ. बेडकीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. आई बॅग उपसते आहे आणि तिला माझ्या स्वयंपाकघरात काहीच जागच्या जागी सापडत नाही, म्हणजे सगळं सुरळीत आहे.

तू बाहेर बाकावर बसलीस म्हणून त्या खोलीतलं तुला दिसलं नाही. मी तोंड उघडायच्या आधी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या वाचत राहिल्या. पहिल्या पानापासून. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, अकरा मिनिटं गेली. लाल रेघेपाशी थांबल्या, बोट ठेवलं, पुढे गेल्या. मग वही मिटून म्हणाल्या की एवढं दुखणं घेऊन तुम्ही इतकी वर्षं इतकं बारीक काम करत आलात, याचंच नवल वाटतं. खरंच दुखतं का, असं विचारलंच नाही. मी तिथे हमसून हमसून रडले, बेचाळीस वर्षांची बाई. त्यांनी दिवा मंद केला आणि कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. डब्याच्या झाकणाची बिजागरी सैल आहे, पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर नेईन.

पांढरी गोळी पूर्ण बंद. रात्रीची एक गोळी सुरू. झटक्यासाठीची वेगळी आहे, पण ती आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दुखणं वाढेल, मग उतरेल, असं आधीच बजावलं आहे. काही भलतंच वाटलं, म्हणजे हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, तर थेट हॉस्पिटल. मालकांना मी चिठ्ठी दाखवली आणि तीन आठवड्यांची रजा घेतली. औषधवाल्यानं मला बघून पाकीट काढलं, तेव्हा मी हात जोडले.

एक गोष्ट मला छळते आहे. गाडी सुटताना आई माझ्या शेजारी होती आणि तू फलाटावर. तू हसत होतीस, हात हलवत होतीस, एक उडीसुद्धा मारलीस. तेव्हा मला कळलं की "ठीक" तू असंच लिहीत आलीस. माझ्या मनात आलं की खिडकीतून काहीतरी बोलावं. पण गाडी हलली, आणि खरं सांगायचं तर आई माझ्याबरोबर येते आहे याचा आनंदही झाला होता. मी काही रातोरात संत झालेली नाही.

वही तू परत मागू नकोस. ती माझी आहे.

तुझी
ताई

*

२ एप्रिल
हवा: पडदे ओढलेले आहेत
तब्येत: वाईट

बेडके,

अकरावा दिवस. कालपर्यंत मी त्या डॉक्टरीणबाईंना, तुला आणि बाबांच्या टपालखात्याला शिव्या देत होते. गोळीसाठी दोनदा चप्पल घातली. दोन्ही वेळा आई दारात खुर्ची टाकून बसली होती.

ती कपाळावर हात ठेवून बसते. हात खरखरीत आहे आणि त्याला कांद्याचा वास येतो. तू एवढी वर्षं दाराच्या फटीतून याच हाताचा हेवा करत होतीस, हे आता डोक्यातून जात नाही.

ता.

*

९ एप्रिल
हवा: पाऊस येईल असं वाटून आला नाही
तब्येत: मंगळवारी दुखलं. वेळेवर गोळी घेतली, दीड तासात उतरलं. बाकी ठीक, खरोखरची ठीक.

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं एवढंसं पत्र मी आज्यांना वाचून दाखवलं. तू साक्षीदार मागितले होतेस, म्हणून सातही जणींनी ठराव केला आहे की ताईचं डोकं खरंच दुखतं. पिवळ्या फुलाच्या आजीनं अनुमोदन दिलं. मी परत पाण्यात उतरले आहे, काळा चष्मा आणि मोठी टोपी घालून. माझ्याच वर्गात मी आता सगळ्यांत म्हातारी दिसते.

घर थोडं मोठं वाटतं. बेकरीवाला पहाटे जातो, तेव्हा मी उठून बसते आणि मग पुन्हा झोपते. आईच्या जागी फूटपट्टी ठेवली आहे, ती बोलत नाही.

अकरा दिवस झाले ना? मग उरलेही जातील. काठ धरून राहा, सोडू नकोस. पाण्यात घाबरलेल्यांना मी एवढंच सांगते.

मायेत असू दे.

तुझी
बेडकी

*

२८ जून
हवा: स्वच्छ, खिडकी उघडी ठेवून लिहिते आहे
तब्येत: ठीक

चि. सौ. बेडकीस,
अ. उ. आ.

वर लिहिलेलं दोनदा वाच. मीही वाचलं. तीन वर्षांत हा शब्द लिहिला नव्हता, त्यामुळे अक्षर जरा वाकडं आलं आहे.

या महिन्यात चारदा दुखलं. आधी महिन्यात न दुखणारे दिवस चार नसायचे. चारपैकी तीनदा गोळीनं दोन तासांत उतरलं, चौथ्यांदा नाही उतरलं, दिवसभर झोपून काढलं. डॉक्टरीणबाई म्हणतात की ते मुळापासून जाणार नाही, पण आवाक्यात राहील. मला आवाक्यातलंच पुरे आहे. त्यांच्या डब्याची बिजागरी मी दुरुस्त करून आले.

सोमवारी मालकांनी मला परत मशीनवर बसवलं. पहिली काच मी कोणाची घासली असेल? त्या रंगाऱ्याची. मार्चमध्ये मालकांनी त्याला बाहेरून चष्मा करून दिला होता, पण तो म्हणाला की त्याचं नाक त्यात रमत नाही. नवा चष्मा मी तीनदा तपासला. मग त्याला बाहेर नेलं आणि समोरच्या इमारतीकडे बघायला लावलं. बराच वेळ बघून तो म्हणाला की भिंत सरळ आहे, रंग मात्र कोणा गाढवानं दिलाय. मी तिथे फुटपाथवर उभी राहून हसले.

आता मुख्य. आईला मंगळवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे पाठवते आहे, महिनाभरासाठी. तुझं काही दुखतंय का? नाही ना? म्हणूनच. आपल्या घरात आईला बोलवायचं म्हणजे काहीतरी दुखवून घ्यावं लागतं, असं आपल्या दोघींनाही कोणी न सांगता पाठ झालं. मी दुखत राहिले आणि तू पाण्याखाली जाऊन बसलीस. आई तयार आहे. तिची लोकरीची टोपी मी आठवणीनं बॅगेत घातली आहे.

तिला मी एक काम सांगितलं आहे. दुपारी पडदे ओढायचे नाहीत. पडदे उघडे ठेवून, तुझ्या कपाळावर हात ठेवून बसायचं. तू ठीक असताना. ती म्हणाली की याला काय अर्थ आहे. मी सांगितलं की फटीतून बघणारी एक मुलगी आहे, तिला आत घ्यायची राहून गेली.

मंगळवारपासून मला हेवा वाटणार आहे, हे आत्ताच कळवून ठेवते. पण तो मी गाडीत बसून करणार नाही. इथेच करीन, मशीनवर बसून, डोळे उघडे ठेवून.

तुझी
ताई